सूर्यफुलाला घरात ऊन नको

चैत्र लागला की नवी मुंबईत फुलदाणीची पंचाईत होते. शेवंतीचा बहर ओसरलेला असतो. सकाळी आणलेल्या गुलाबाच्या कडा संध्याकाळी करपलेल्या दिसतात, आणि जर्बेराची दांडी तारेच्या आधाराशिवाय उभी राहायला तयार नसते. मोगरा घमघमतो खरा, पण त्याची जागा गजऱ्यात, देवाच्या ताटात, फार तर उशाशी ठेवलेल्या वाटीत. दिवाणखान्याचा कोपरा त्याने भरत नाही. अशा दिवसांत फुलवाल्याच्या बादलीत उभी असलेली सूर्यफुलं दुरूनही नजरेत भरतात. पाच दांड्या घेतल्या तरी टू-बीएचकेची बैठकीची खोली उजळते.

मग बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. नावात सूर्य आहे म्हणून फुलदाणी खिडकीत, चांगल्या उन्हात ठेवली जाते. वर पंखा पाचवर. तिसऱ्या दिवशी फुलं मान टाकतात आणि 'आपल्या हवेत हे फूल टिकत नाही' असा निकाल लागतो. वास्तविक कोकणपट्टीची दमट हवा या फुलाला मराठवाड्याच्या कोरड्या हवेपेक्षा जास्त सोसते. फूल मरतं ते तहानेनं, आणि ती तहान आपणच वाढवून ठेवलेली असते.

सूर्यफुलाच्या तहानेचा हिशेब तीनशे वर्षांपूर्वीच मांडून झाला आहे. इंग्लंडातल्या टेडिंग्टन गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांना मोजमापांचा भारी नाद. 1724 च्या उन्हाळ्यात त्यांनी साडेतीन फूट उंचीचं सूर्यफुलाचं रोप असलेली एक कुंडी घेतली. मातीतून पाणी उडू नये म्हणून कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा घट्ट बसवला आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवस ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तराजूत घातली. पत्र्यामुळे मातीचा रस्ता बंद होता, तेव्हा वजनात जी घट येईल ती पानांतून उडालेल्या पाण्याची. दिवसाच्या बारा तासांत सरासरी 20 औंस पाणी जात होतं, म्हणजे अर्धा लिटरहून थोडं अधिक. आकारमानाच्या प्रमाणात पाहिलं तर हे रोप माणसाच्या 17 पट घाम गाळतं, असं गणित त्यांनी काढलं. 1727 मध्ये निघालेल्या त्यांच्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या ग्रंथात हा प्रयोग आहे, आणि वनस्पती पाणी कसं ओढतात याच्या अभ्यासाची सुरुवात तिथूनच धरली जाते. शिवाय हे सगळं इंग्लंडच्या सौम्य उन्हाळ्यात!

आता तेच रोप देठापासून कापून फुलदाणीत आलं आहे असं समजा. मुळं गेली, पण घाम गाळणारी पानं तशीच आहेत. सूर्यफुलाचं पान तळहाताहून मोठं असतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना बाष्प सोडणारी सूक्ष्म छिद्रं असतात. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम पानं काढण्याचं. फुलाखालचं एखादं पान शोभेला ठेवावं, बाकी सगळी खुडून टाकावीत. फुलवाला ती ठेवतो, कारण पानांमुळे जुडी भरगच्च दिसते. आपल्याला जुडी विकायची नसते.

दुसरं काम देठ पुन्हा कापण्याचं, आणि तेही पाण्याखाली. झाडाच्या देठात पाणी वर नेणाऱ्या केसाएवढ्या बारीक नळ्या असतात. पानांतून पाणी उडत असतं, त्या ओढीमुळे या नळ्यांतला पाण्याचा धागा वरपर्यंत ताणलेला राहतो. देठ हवेत कापला की ताणलेला धागा वर सरकतो आणि खालच्या टोकातून हवा आत शिरते. हवेचा बुडबुडा बसलेली नळी मग पाणी ओढत नाही, फूल काठोकाठ भरलेल्या फुलदाणीत उभं राहून तहानलेलं राहतं. बादलीत पाणी घेऊन देठाचं टोक त्यात बुडवावं आणि तळाचा इंच-दीड इंच भाग तिरका कापावा. कात्रीने देठ चेपतो, नळ्यांची तोंडं मिटतात. धारदार सुरी बरी. घरात अजून विळी असेल तर तिच्यासारखं हत्यार नाही, पण मग पाण्याखाली कापायची कसरत सोडून द्यावी लागते. कापल्या क्षणी देठ पाण्यात बुडवला तरी बरंच काम होतं. तिरक्या कापाचं गूढ काही नाही. देठाचं तोंड फुलदाणीच्या तळाला चिकटून बंद होऊ नये, एवढाच त्याचा उपयोग.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याकडेच सगळ्यात दुर्लक्ष होतं. ती म्हणजे पाण्याची स्वच्छता. सूर्यफुलाचा देठ खरखरीत, लवेने भरलेला आणि आतून भेंडाचा असतो. तो पाण्यात लवकर कुजतो, आणि कुजणाऱ्या देठावर जिवाणू वाढून त्यांची बुळबुळीत साय नळ्यांच्या तोंडाशी बसते. एप्रिल-मेमध्ये नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत दुपारी नळ सोडून पाहा. पाणी गच्चीवरच्या टाकीत तापून चटका बसेल असं येतं. तेच फुलदाणीत भरलं तर जिवाणूंचं फावतं. सकाळी भरून ठेवलेलं निवलेलं पाणी वापरावं आणि ते रोज बदलावं. बदलताना फुलदाणी आतून घासावी, देठाची टोकं वाहत्या पाण्याखाली चोळून अर्धा इंच पुन्हा कापावीत. पाच मिनिटांचं काम आहे. पाणी गढूळ दिसायला लागेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर झालाच.

पाण्यात काय घालावं याबद्दल प्रत्येक घरात एक जाणकार असतो. कुणी साखर घालायला सांगतं. साखर फुलाला अन्न म्हणून चालते हे खरं, पण जंतुनाशक न घालता नुसती साखर घातली तर फुलापेक्षा जिवाणूच जास्त पोसले जातात. लिंबाचे काही थेंब बरे. पाणी जरासं आंबट असलं की ते देठात सहज चढतं आणि जिवाणूंची वाढ मंदावते. ॲस्पिरिनचा सल्ला जुना आहे, अनुभव मात्र ज्याचा त्याला वेगळा. हल्ली त्याऐवजी क्रोसिन टाकणारेही भेटतात. ते औषध निराळं, आणि फुलाला ताप आलेला नसतो. फुलवाल्याकडे 'फ्लॉवर फूड'ची पुडी मिळाली तर ती या सगळ्यांपेक्षा सरस, कारण तिच्यात साखर, आम्ल आणि जंतुनाशक असं तिन्ही बेतशीर मिसळलेलं असतं.

आता हवेकडे वळू. पान किंवा पाकळी किती पाणी गमावणार हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. हवेत आणखी किती बाष्प मावू शकतं, यावर ठरतं. लातूरला मे महिन्यात 40 अंशांची दुपार आणि 20 टक्के आर्द्रता धरा. नेरूळला 34 अंश आणि 65 टक्के. दोन्हींचं गणित मांडलं तर लातूरची हवा नेरूळच्या जवळजवळ तिप्पट जोराने पाणी शोषते. आपल्याला नकोसा वाटणारा खाडीकाठचा दमटपणा कापलेल्या फुलाच्या पथ्यावर पडतो. गैरसोय आहे ती उष्णतेची, कारण तापलेल्या हवेत फुलाचा श्वसनाचा वेग वाढतो आणि साठवलेली साखर झपाट्याने संपते. म्हणूनच एसीबद्दलचा एक समज तपासून घ्यायला हवा. एसीत फुलं सुकतात असं म्हणतात. 24 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेच्या बंद खोलीत हवेचा कोरडेपणा बाहेरच्या दुपारपेक्षा खरं तर थोडा कमीच भरतो, आणि फुलाचा श्वासही मंदावतो. सुकवतो तो एसीचा थेट झोत. पंख्याचंही तेच. पाकळीभोवती बाष्पाचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत पुसून नेतो. आपली बसायची जागा पंख्याखालची असावी, फुलदाणीची जागा मात्र कोपऱ्यातली.

राहिलं ऊन. सूर्यफूल सूर्याकडे तोंड फिरवतं हे आपण शाळेत शिकलो, पण ते अर्धंच. सूर्याच्या मागे फिरतं ते वाढत्या वयातलं रोप. दिवसा त्याच्या देठाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून कळी पश्चिमेकडे झुकते. रात्री पश्चिमेची बाजू जास्त वाढते आणि पहाटेपर्यंत कळी पुन्हा पूर्वेला येते. हे फिरणं वाढीच्या जोरावर चालतं. वाढ थांबली की फिरणं थांबतं आणि फुललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून कायमचं स्थिरावतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2016 मध्ये याची कारणं उलगडून दाखवली. पूर्वाभिमुख फूल सकाळी लवकर तापतं, आणि तापलेल्या फुलाकडे मधमाश्या कितीतरी जास्त येतात. संशोधकांनी काही कुंड्या मुद्दाम पश्चिमेकडे वळवून ठेवल्या, तर त्या फुलांकडे सकाळी येणाऱ्या माश्यांची संख्या पाचपटीने घटली. लातूर-धाराशिवकडे पिकाच्या दिवसांत शेताच्या पश्चिमेच्या बांधावर उभं राहिलं तर म्हणूनच हजारो फुलांच्या नुसत्या पाठी दिसतात.

फुलदाणीतलं फूल उमलून, वाढ संपवून आलेलं असतं. त्याला मधमाशी नको, बी धरायचं नाही आणि मान फिरवायची नाही. उन्हाचा त्याला काडीचा उपयोग नाही, तोटा मात्र भरपूर. खारघर-उलव्याच्या टॉवरांतल्या पश्चिमेच्या खिडक्या दुपारी तीननंतर भट्ट्या होतात. तिथे सूर्यफूल ठेवणं म्हणजे त्याचा कडेलोट. उजेड भरपूर पण ऊन अंगावर न येणारी जागा पाहावी: उत्तरेची भिंत, जेवणाचं टेबल, दारासमोरचा चपलांच्या कपाटाचा माथा.

घरातली बडदास्त कितीही राखली तरी निम्मा निकाल खरेदीच्या वेळीच लागलेला असतो. नवी मुंबईत भाजी, फळं, कांदा-बटाटा, मसाला, धान्य या सगळ्यांचे घाऊक बाजार मुंबईतून हलून तुर्भे-वाशीला आले. फुलांचा मोठा बाजार मात्र दादरलाच राहिला. पहाटे उठायची तयारी असेल त्याने हार्बरने कुर्ला आणि तिथून दादर गाठावं, स्टेशनाच्या पश्चिमेला मीनाताई ठाकरे फुलमंडई. झेंडू-शेवंती किलोवर, मोगरा वजनावर आणि शोभेचा माल जुडीवर. एका जुडीची किंमत आणि सेक्टरातल्या बुकेवाल्याकडच्या दोन दांड्यांची किंमत यांची तुलना करू नये, मनाला त्रास होतो. परतताना लोकलच्या गर्दीचं भान ठेवावं. सूर्यफुलाचं डोकं जड असतं आणि धक्क्याने पाकळ्या दुमडून काळ्या पडतात. वर्तमानपत्राच्या कागदात तोंडं गुंडाळून घ्यावीत आणि दांड्या उभ्या धराव्यात.

निवडताना लोक हमखास सगळ्यात मोठं, पूर्ण पसरलेलं फूल उचलतात. ते दिसायला राजस असतं, पण त्याचे चांगले दिवस बाजारातच संपलेले असतात. घ्यावं ते फूल ज्याच्या पिवळ्या पाकळ्या मधल्या चकतीपासून नुकत्या उचलल्या आहेत, अजून आडव्या पसरलेल्या नाहीत. अगदी हिरवी बंद कळीही नको, ती फुलदाणीत उमलेलच असं नाही. मग फूल पालथं करून फुलाखालची मान चाचपावी. ती ताठ हवी. शेवटी मधली चकती जवळून पाहावी. सूर्यफूल हे एक फूल नसून फुलांची वसाहत आहे. कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे वांझ फुलं, कीटकांना बोलावण्यापुरती. खरी फुलं चकतीत असतात, हजाराच्या घरात, आणि ती कडेकडून आत अशी रोज काही वर्तुळं उमलत जातात. चकती मधोमध घट्ट, सपाट आणि कडेची एखाद-दुसरीच ओळ उमललेली असेल तर ते फूल ताजं. अर्ध्यापर्यंत बारीक पुंकेसर वर आलेले दिसले तर पुढच्या फुलवाल्याकडे जावं.

त्या चकतीत बिया सर्पिल वळणांत रचलेल्या दिसतात. उजवीकडे वळणाऱ्या रांगा मोजल्या तर 34 किंवा 55, डावीकडे वळणाऱ्या 55 किंवा 89 असे आकडे बहुधा येतात, सगळे फिबोनाची श्रेणीतले. प्रत्येक नवं फूल आधीच्यापासून सुमारे 137.5 अंशांवर फुटतं आणि या कोनामुळे चकतीत रिकामी जागा उरत नाही. मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत मोजायला बसवावं. तासभर घर शांत राहतं.

चकतीवर बोट फिरवून आणखी एक गोष्ट कळते. बोटाला पिवळी भुकटी लागली तर ते फूल परागवालं. काहीच लागलं नाही तर ते खास फुलदाणीसाठी तयार केलेलं संकरित वाण. जपानच्या ताकी कंपनीचं 'सनरिच' किंवा अमेरिकेतलं 'प्रोकट' ही अशी परागविरहित वाणं जगभर शोभेसाठी लावली जातात. टेबलक्लॉथवर नारिंगी डाग पडत नाहीत, हा त्यांचा पहिला गुण. (डाग पडलाच तर पाणी लावू नये, तो पसरतो. चिकटपट्टीने भुकटी उचलून घ्यावी.) या वाणांमागची गोष्ट मात्र फुलदाणीची नाही, तेलाची आहे.

1969 मध्ये फ्रान्समध्ये लेक्लेर्क या संशोधकाने शेतातल्या सूर्यफुलाचा संकर त्याच्या एका रानटी भावंडाशी केला आणि त्यातून परागच न धरणारी रोपं मिळवली. पराग नसलेल्या रोपाला हव्या त्या नराचे पराग देता येतात, म्हणजे संकरित बियाणं मोठ्या प्रमाणावर करता येतं. तेलबियांच्या दुनियेत याने उलथापालथ झाली. योगायोग असा की त्याच 1969 साली भारतात, खाद्यतेलाच्या टंचाईवर उतारा म्हणून, सोव्हिएत रशियातून आणलेल्या वाणांनिशी सूर्यफुलाची शेती सुरू झाली. 1980 मध्ये बंगळूरहून बीएसएच-1 हा पहिला भारतीय संकरित वाण आला. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रानेही आपले संकरित वाण काढले, सोलापूरकडून 'भानू' आला. लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड या पट्ट्यात करडई-ज्वारीच्या रानात सूर्यफूल दिसू लागलं आणि पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत शेंगदाणा तेलाच्या शेजारी सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी आली. 1993-94 मध्ये देशात या पिकाखाली 26 लाखांहून अधिक हेक्टर जमीन होती. पुढे नेक्रोसिस रोग, कणसावर तुटून पडणारे पोपटांचे थवे, स्वस्त आयात तेल आणि सोयाबीनची ओढ या सगळ्यांनी मिळून ते पीक आटवलं. अलीकडे क्षेत्र तीन लाख हेक्टरच्याही आत आलं आहे. शेतातलं सूर्यफूल कमी झालं आणि शहरातल्या बुक्यात ते वाढलं. दोन्हीकडची फुलं जातीने एक असली तरी कामाने वेगळी. तेलाचं फूल बियांच्या भाराने मान खाली घालण्यासाठी निवडलेलं असतं, म्हणजे बी सुकतं आणि पक्ष्यांपासून थोडं वाचतं. तेच कापून फुलदाणीत ठेवलं तर ते आपल्या धर्माला जागून मान खालीच घालणार.

मांडणीबद्दल माझं मत जरा एककल्ली आहे. सूर्यफुलाच्या जोडीला जिप्सो, लाल कार्नेशन, ऑर्किड आणि चमकीचा कागद असा गोतावळा जमवला की त्याचं गावरान देखणेपण जातं. ती एकटीच ठेवावीत, तीन किंवा पाच, कमीजास्त उंचीची. हिरवाई हवी तर कामिनीच्या किंवा अरेकाच्या दोन फांद्या पुरतात. भांडं मात्र वजनदार हवं, कारण डोकं जड असतं आणि काचेची उंच नळकांडी पडद्याच्या झुळकीनेही कलंडते. चिनीमातीची लोणच्याची बरणी या फुलाला फार शोभते. अडचण एवढीच की कैऱ्या येतात तेव्हाच तीही कामात असते. पितळी किंवा तांब्याचा गडू सुरेख दिसतो, पण त्यात लिंबू पिळू नये, आंबटाने धातू सुटतो. स्टीलच्या उंच पेल्याला काहीच होत नाही, आणि तो मेणकापडाच्या किंवा जुन्या खणाच्या पट्टीत गुंडाळला तर स्टीलचा आहे हे कळतही नाही.

मराठी घरात फुलं पूर्वापार देवासाठी, केसांसाठी आणि दारावरच्या तोरणासाठी येत. फुलदाणी ही तशी अलीकडची सवय. पण उन्हाळ्यात घर सजवण्याची आपली म्हणून एक रीत आहेच, ती चैत्रगौरीची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. मधल्या एखाद्या संध्याकाळी हळदीकुंकू, भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ, पन्हं आणि गौरीपुढे पायऱ्यांची आरास. कलिंगडाचं कमळ कोरायचं, करंज्या-लाडवांची ताटं मांडायची, मोगऱ्याचा सडा घालायचा. वाशी-नेरूळच्या फ्लॅटमध्ये सगळ्या पायऱ्या मांडायला जागा नसते. तिथे झोपाळ्याच्या दोन बाजूंना दोन गडूंत सूर्यफुलं उभी केली की आरास भरून येते, आणि त्यांचा पिवळा रंग हळदीकुंकवाला उपराही वाटत नाही. परदेशी फूल गौरीला चालतं का, असं एखाद्या आत्याबाईंनी विचारलंच, तर झेंडूही मूळचा मेक्सिकोचा आहे हे हळूच सांगावं. सूर्यफूल त्याच खंडातलं, उत्तर अमेरिकेतलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी ते हजारो वर्षांपूर्वी शेतात आणलं आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलं.

उन्हाळ्यात घर सजवायला सूर्यफुलं आणणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध माणूस अर्थात व्हॅन गॉग. 1888 च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेला आर्लमध्ये, मित्र पॉल गोगँ राहायला येणार म्हणून त्याची खोली सजवायला त्याने सूर्यफुलांची चित्रं काढायला घेतली. फुलं लवकर कोमेजतात म्हणून तो पहाटेपासून एका बैठकीत काम उरकत असे. गोगँ आला ऑक्टोबरात, तोवर फुलं कधीच गेली होती. चित्रातली काही फुलं नेहमीसारखी चकतीवाली नसून झेंडूसारखी भरगच्च आहेत. 2012 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं कारण एका जनुकातल्या बदलात शोधलं. व्हॅन गॉगने पाकळ्या वाढवल्या नव्हत्या, आर्लच्या बागेत तशी फुलं होतीच.

उन्हाळ्याच्या घरात आणखी एक पाहुणा असतो, हापूसची पेटी. पिकणारा आंबा एथिलीन वायू सोडतो आणि तो फुलांना म्हातारं करतो. सूर्यफूल हा वायू फारसा मनावर घेत नाही, पण कार्नेशन आणि जिप्सो लगेच माना टाकतात. तेव्हा मिश्र बुके असेल तर तो आढीच्या खोलीत ठेवू नये. मांजर पाळणाऱ्यांनी एवढं पाहावं की त्या बुक्यात लिली नाही ना. सूर्यफुलाने मांजराला अपाय होत नाही, लिली मात्र जिवावर बेतते.

ज्यांच्या बाल्कनीत सहा तास खणखणीत ऊन येतं त्यांनी विकत घेण्याच्या फंदात तरी का पडावं? दहा-बारा इंची कुंडी, निम्मं शेणखत आणि निम्मी माती. बी थेट कुंडीत टोचावं, कारण रोप हलवलेलं त्याच्या सोटमुळाला आवडत नाही. 'मॉर्डन' या बुटक्या वाणाचं बी कृषी सेवा केंद्रात मिळालं तर उत्तम, तो कंबरेएवढाच वाढतो आणि खाडीच्या वाऱ्यात मोडत नाही. मात्र तिथलं बी औषध लावलेलं असतं, हात धुवावेत आणि मुलांना चघळू देऊ नये. पेरल्यापासून दोन महिन्यांच्या आसपास फूल येतं, म्हणजे माघात पेरलं तर चैत्रगौरीला घरचं फूल. पाणी रोज, मेमध्ये दोनदा. हेल्सचा तराजू आठवावा. आणि बी धरू लागलं की पोपट येतील. नवी मुंबईत त्यांची कमी नाही आणि ग्रिलमधून शिरायला त्यांना परवानगी लागत नाही. फूल घरात आणायचं असेल तर पाकळ्या उचलल्या त्याच सकाळी, ऊन चढण्याआधी कापावं.

मान टाकलेलं फूल लगेच फेकू नये. देठ पाण्याखाली पुन्हा दोन इंच कापावा, डोकं आणि मान वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून सरळ करावी आणि मानेपर्यंत पाणी येईल अशा उंच बादलीत, अंधाऱ्या न्हाणीघरात, दोन-तीन तास उभं ठेवावं. नळीत नुसती हवा अडकलेली असेल तर फूल पुन्हा ताठ होतं. तरीही नाही झालं तर देठ आतून कुजला आहे असं समजावं आणि ते ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकावं.

नीट निवडलेलं, पानं काढलेलं, रोज पाणी बदललेलं सूर्यफूल आपल्याकडच्या मे महिन्यातही आठवडाभर सहज टिकतं. पुढच्या वेळी फुलवाल्याकडे गेलात की पूर्ण उमललेलं फूल तो हातात देईल, ते परत ठेवा आणि बादलीतलं मागचं, अर्धवट मिटलेलं मागून घ्या.